ग्युंटर राल : नावावर २७५ विमानं, तरी हवाई दल हरलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या ग्युंटर राल या जर्मन लढाऊ वैमानिकाच्या नावावर पाडलेली २७५ विमानं आहेत. अमेरिकेचा सगळ्यात वरचा वैमानिक रिचर्ड बाँग, त्याच्या नावावर ४०. मग जर्मन आकडे फुगवलेले आहेत का? आणि खरे असतील तर असे वैमानिक पदरी असूनही जर्मनीचं हवाई दल हरलं कसं?

मी काही वर्षं भारतीय हवाई दलात लढाऊ विमानं उडवली आणि त्याहून जास्त वर्षं ती पोरांना उडवायला शिकवली. त्यामुळे उत्तर जरा मास्तरकीच्या अंगाने जाईल, चालवून घ्या. रालची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी सापडतात.

राल १० मार्च १९१८ चा, बाडेनमधल्या गागेनाऊचा. १९३६ मध्ये तो भरती झाला तो पायदळात. दोन वर्षांनी मित्राचं पाहून हवाई दलात बदली मागून घेतली. लढाऊ विमानांचं शिक्षण संपवून तो ५२ व्या लढाऊ विंगेत, म्हणजे जर्मन संक्षेपात ‘जेजी ५२’ मध्ये आला. पुढे याच विंगेने जगातले पहिले तीन आकडे दिले: एरिख हार्टमान ३५२, गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१ आणि राल २७५. पण सुरुवात अगदीच साधी होती. १८ मे १९४० ला त्याने फ्रेंचांचं एक कर्टिस हॉक पाडलं. लगेच जुलैत इंग्लिश खाडीवर त्याच्या ग्रुपची, म्हणजे विंगेतल्या काही स्क्वाड्रनच्या गटाची, अशी दाणादाण उडाली की काही दिवसांत ग्रुपचा कमांडर गेला आणि स्क्वाड्रनचे प्रमुखही गेले. श्टुका बाँबर हळू उडायचे. त्यांच्या अंगाला चिकटून संरक्षण द्यायचा हुकूम होता, म्हणजे आपला वेग आणि उंची, दोन्ही हातचं सोडून द्यायचं. वरून स्पिटफायर आले की करायचं काय? २५ जुलैला २२ वर्षांच्या रालच्या हातात स्क्वाड्रन आली, कारण वरचं कोणी उरलंच नव्हतं. त्याचा ग्रुप तिथून मागे घेतला. पुढे रुमानियाच्या तेलावर पहारा, मध्येच थोडे दिवस क्रीट, आणि जून १९४१ पासून रशिया.

आता आकड्यांचं. एखाद्याच्या नावावर अमुक विमानं ‘आहेत’ म्हणजे त्याने तेवढे दावे केले आणि ते मान्य झाले. जर्मनांची पद्धत कागदावर कडक होती. साक्षीदार हवा, वेळ हवी, जागा हवी, लेखी अहवाल हवा आणि मग बर्लिनचा शिक्का. पण ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरच्या वेगात, डोक्यात रक्त चढलेलं असताना, धूर सोडत खाली गेलेलं विमान पडलं की घरी पोचलं हे कोण पाहत बसतो? एकाच विमानावर दोघांनी मारा केला तर दोघेही प्रामाणिकपणे ‘माझं’ म्हणतात. हे सगळ्याच देशांत झालं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं, प्रत्यक्षात पडली होती साठच्या आसपास. तेव्हा रालचे २७५ म्हणजे २७५ सांगाडे जमिनीवर मोजले असं समजू नका. आकड्यात घट धरा. पण घट धरूनही उरतो तो आकडा बाँगच्या कितीतरी वर राहतो. तो फुगवण्याने झालेला नाही. मग कशाने झाला?

पहिलं कारण राल स्वतः. त्याच्या हाताला एक कसब होतं जे मी आयुष्यात मोजून दोन-तीन माणसांत पाहिलं: तिरप्या लक्ष्यावरचा नेम. आम्ही त्याला डिफ्लेक्शन म्हणतो. हे जरा नीट सांगतो, कारण पुस्तकांत ‘तो अचूक नेमबाज होता’ एवढंच म्हणून पुढे जातात.

शत्रूचं विमान तुमच्या समोरून आडवं चाललंय, ताशी ४०० किलोमीटरने. म्हणजे सेकंदाला १११ मीटर. तुम्ही २०० मीटरवर आहात. तोफगोळा तिथे पोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात ते विमान तीस मीटर पुढे सरकलेलं असतं. राल उडवायचा त्या मेसरश्मिट १०९ विमानाची स्वतःची लांबी जेमतेम ९ मीटर. म्हणजे विमानावर नेम धरलात तर गोळ्या त्याच्या शेपटीच्या मागच्या रिकाम्या हवेतून जाणार. तीन विमानांएवढं पुढे, जिथे काहीच नाही तिथे, मारायचं. वर तुम्ही स्वतः वळत असता, जी (वळताना अंगावर येणारा, वजनाच्या पटीत मोजायचा भार) चढलेला असतो, डोकं छातीत घुसायला बघतं. आणि खरी गंमत अशी की मेसरश्मिट १०९ चं नाक लांब. पुढे नेम धरायला तुम्ही नाक वळवून त्याच्या पुढे नेलंत की शत्रू नाकाखाली गडप. दिसतच नाही. त्या घटकेला तुम्ही विश्वासावर घोडा दाबता.

आमच्या वेळी याचा सराव जामनगरला व्हायचा. एक विमान लांब दोरावर कापडी बॅनर ओढत न्यायचं आणि आम्ही आळीपाळीने त्यावर मारा करायचा. प्रत्येकाच्या गोळ्यांच्या टोकांना वेगळा रंग लावलेला. बॅनर खाली आणून जमिनीवर पसरला की सगळे ओणवे होऊन आपापल्या रंगाची भोकं शोधायचे. माझा पहिल्या दिवशीचा रंग हिरवा होता. अख्ख्या बॅनरवर हिरवं भोक एकही नव्हतं. शेजारच्या पोराची सात. त्याला विचारलं, कसं केलंस? म्हणाला, ‘सर, लागतील असं वाटलं तेव्हा मारलं.’ रालचंही असंच असणार. त्याच्या बरोबरीचे वैमानिक त्याला लुफ्टवाफेतला, म्हणजे जर्मन हवाई दलातला, डिफ्लेक्शनचा सगळ्यात चांगला नेमबाज मानायचे. पूर्व आघाडीवरच्या त्याच्या २७२ दाव्यांपैकी २४१ लढाऊ विमानांचे होते. वळणाऱ्या, चपळ लक्ष्यांचे. सरळ रेषेत चाललेल्या बाँबरांवर त्याने आकडा फुगवलेला नाही, हेही त्यातून कळतं.

त्याच्याच हाताखालचा हार्टमान उलट करायचा. तो इतका जवळ जायचा की समोरच्या काचेत शत्रूचं विमानच विमान. तिथे पुढचा नेम बिम काही लागत नाही. शिकवणारा म्हणून मला विचाराल तर मी पोरांना हार्टमानची रीत शिकवेन. ती शिकवता येते. रालची शिकवता येत नाही.

२८ नोव्हेंबर १९४१. रोस्तोवच्या परिसरात संध्याकाळची वेळ, अंधारून येत होतं. रालने आपलं ३६ वं विमान पाडलं आणि ते पेटत खाली जाताना तो त्याच्याकडे बघत राहिला. बस, तेवढाच वेळ लागतो. मागून दुसऱ्याने त्याच्या इंजिनात गोळ्या घातल्या. आपल्या बाजूला कसंबसं आणून तो पोटावर उतरायला गेला, समोर घळ आली, आणि विमान पलीकडच्या काठावर जाऊन आदळलं. पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला.

आमच्याकडे नवख्याला पहिल्या आठवड्यात सांगतात: तू पाडलेल्याकडे बघू नकोस, तो पडणारच आहे; तुला पाडणारा कुठे आहे ते बघ. सांगणं सोपं. अंधारात आगीकडे डोळे आपोआप जातात. शिवाय ती आग बघून डोळे दिपले की पुढची काही मिनिटं काळोखातलं काही दिसत नाही. हे ३६ विमानं पाडलेल्या माणसाचं झालं, म्हणून मी हा प्रसंग वर्गात नेहमी सांगायचो.

डॉक्टरांनी उडणं संपलं म्हणून सांगितलं. व्हिएन्नाच्या इस्पितळात तो महिनोन्‌महिने पडून होता. तिथे हेर्टा श्योन ही डॉक्टर भेटली, पुढे तिच्याशीच लग्न केलं. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये हा माणूस पुन्हा कॉकपिटमध्ये. १०९ चं कॉकपिट म्हणजे पत्र्याची पेटी, खांदे दोन्ही बाजूंना घासतात. पाच जी च्या वळणात धडाचं वजन पाचपट होऊन कण्यावर येतं. धडधाकट माणसाची पाठ संध्याकाळपर्यंत धरते. जोडलेल्या कण्याने तो दिवसातून दोन-तीनदा उडत होता, हे मला त्याच्या कुठल्याही पदकापेक्षा जास्त थक्क करतं.

त्यानंतरचा वेग बघा. ३ सप्टेंबरला ६५ विमानांसाठी नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक. ऑक्टोबर संपायच्या आत शंभर पूर्ण. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईच्या तोंडावर तो पूर्ण ग्रुपचा कमांडर झाला. त्याच वर्षीच्या एका ऑक्टोबर महिन्यात त्याच्या नावावर ४० विमानं लागली, बाँगने सगळ्या युद्धात पाडली तेवढी. आणि २५० वं आलं २८ नोव्हेंबर १९४३ ला. कणा मोडला त्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते हेच मोठं. बाँगने ४० पाडली आणि अमेरिकनांनी त्याला घरी पाठवलं. त्याच्याही आधी एकदा त्याला रजेवर बोलावून नेमबाजीच्या शिक्षणाला घातलं होतं. ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकांना ठरावीक तासांची ‘टूर’ असायची. ती संपली की विश्रांती, आणि बऱ्याचदा प्रशिक्षण शाळेत नेमणूक. जर्मनांकडे अशी टूरच नव्हती. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचं. रालने ६२१ सॉर्टी, म्हणजे लढाईची उड्डाणं, केली. त्याच्या कारकिर्दीत मोठे खंड दोनच पडले, आणि दोन्ही त्याला शत्रूने दिले. एकदा कणा मोडून, एकदा अंगठा तोडून. त्याच्या स्वतःच्या हवाई दलाने ‘राल, आता पुरे, तुझं कसब शंभर पोरांना दे’ असं म्हणून त्याला आघाडीवरून काढलं नाही.

मला ऐन उमेदीत स्क्वाड्रनमधून उचलून शिकवायला पाठवलं होतं तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही. प्रत्येक वैमानिकाला वाटतं की आपल्याशिवाय स्क्वाड्रन बसेल. बसत नाही. पण शाळा बसली की सगळंच बसतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

एक चांगला नेमबाज वर्षानुवर्षं आघाडीवर ठेवला की त्याचा आकडा चढतो. वर्तमानपत्राला फोटो मिळतो, फ्यूररला गळ्यात घालायला पदक मिळतं. पण त्याच्या शेजारी रोज नवी पोरं येतात आणि आठवड्यात मरतात, कारण त्यांना शिकवणारे जुने हात शाळेत नसतात. १९४४ च्या मध्याला जर्मनीचा नवा लढाऊ वैमानिक शंभर-सव्वाशे तासांच्या आसपास उडून लढाईत येत होता. समोरच्याचे तीनशेच्या वर तास झालेले असायचे. हा फरक विमानाने भरून निघत नाही. १०९ तर त्यातही वाईट. अरुंद चाकांचं, उड्डाणात आणि उतरताना एका बाजूला ओढणारं विमान. शत्रू दिसायच्या आधीच कित्येकांना त्याने धावपट्टीवर उलटं केलं.

एप्रिल १९४४ मध्ये रालला मायदेशाच्या संरक्षणासाठी जेजी ११ मध्ये आणलं. त्याच्या ग्रुपचं काम होतं उंचावर जाऊन अमेरिकन बाँबरांच्या सोबतच्या लढाऊ विमानांना गुंतवायचं. १२ मे १९४४ ला आठशेहून जास्त अमेरिकन बाँबर जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने फोडायला आले. राल वरून थंडरबोल्ट जातीच्या तीन अमेरिकन लढाऊ विमानांवर झेपावला. त्यातलं एक अमेरिकनांच्या ५६ व्या ग्रुपचा कमांडर ह्युबर्ट झेमके उडवत होता. रालने दोन पाडली. मग बाकीचे थंडरबोल्ट त्याच्या मागे लागले. त्यांच्यापासून सूर मारून सुटता येत नाही, ते दगडासारखे खाली येतात. गोळ्यांनी कॉकपिट फुटलं आणि डाव्या हाताचा अंगठा उडाला.

डावा हात म्हणजे थ्रॉटलचा हात. १०९ मध्ये पंख्याच्या पात्यांचा कोन हाताने बदलायचं बटण थ्रॉटलच्या दांड्यावरच असतं, अंगठ्याखाली. त्या अवस्थेत त्याने छत उडवून पॅराशूटने उडी मारली. जखम चिघळली आणि नोव्हेंबरपर्यंत तो इस्पितळातून सुटला नाही.

पण त्या दिवशी अंगठ्यापेक्षा मोठं काही तुटलं होतं. एप्रिल १९४४ मध्ये जर्मनी महिन्याला पावणेदोन लाख टनांच्या आसपास विमानाचं इंधन बनवत होता. सप्टेंबरपर्यंत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. इंधन कमी पडलं की कात्री आधी कुठे लागते? शाळेला. आघाडीची विमानं कोणी थांबवत नाही, विद्यार्थ्यांची थांबवतात. म्हणजे आधीच तोकडे असलेले तास आणखी तुटले, आणि विमानं मात्र कारखान्यांतून पूर्वीपेक्षा जास्त संख्येने बाहेर पडत होती. उडवायला हात नाहीत, टाकीत तेल नाही.

अंगठा गेल्यावर मात्र लुफ्टवाफेला सुचलं. रालला लढाऊ तुकड्यांचे नेते तयार करणाऱ्या शाळेवर घेतलं. तिथे शत्रूकडून हस्तगत केलेली विमानं होती: मस्टँग, थंडरबोल्ट, लाइटनिंग, स्पिटफायर. ती उडवून त्यांची मर्मस्थानं शोधायची आणि तरुण अधिकाऱ्यांना सांगायची. १०९ मधून मस्टँगमध्ये बसणं म्हणजे काय ते मी कल्पनेने सांगू शकतो. प्रशस्त कॉकपिट, चहूकडे दिसणारं काचेचं छत, आणि मुख्य म्हणजे पल्ला. १०९ तास-सव्वातासात घराकडे बघायला लागतं. मस्टँग बाहेरच्या टाक्या लावून इंग्लंडहून बर्लिनला येऊन, लढून परत जातं. ज्या माणसाने पाच वर्षं इंधनाच्या लाल दिव्याकडे बघत लढाई केली, त्याला त्या टाक्या बघून काय वाटलं असेल! शिक्षक म्हणून रालइतका योग्य माणूस तिथे शोधून सापडला नसता. फक्त तो तीन वर्षं उशिरा आला. त्यालाही तिथे टिकू दिलं नाही. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत जेजी ३०० त्याच्या हातात दिली, आणि ती घेऊन तो अमेरिकनांच्या कैदेत गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे या वैमानिकांचे फोटो भिंतीला लावणारी पोरं मी पाहिली आहेत. राल ज्या पूर्व आघाडीवर उडत होता तिथे खाली जमिनीवर जे चाललं होतं ते नुसतं युद्ध नव्हतं. ज्यूंचं सामूहिक हत्याकांड, सोव्हिएत कैद्यांना उपाशी मारणं, गावंच्या गावं जाळणं हे त्याच सैन्याच्या मागे-पुढे होत होतं, आणि वरचं आकाश ताब्यात ठेवणारे हेच वैमानिक होते. कसबाचा अभ्यास जरूर करा. मीही केला. भक्ती नको.

युद्धानंतर काही वर्षं मुलकी नोकऱ्या. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीने नवं हवाई दल उभारलं तेव्हा तो मेजर म्हणून परत आला. ३८ वर्षांचा, २७५ विमानांचा धनी, मोडलेल्या कण्याचा आणि नऊ बोटांचा माणूस जेट उडवायला अमेरिकनांपुढे पहिल्या बाकावर बसला. वर्गात त्याच्यासमोर ज्यांच्या देशाने त्याचा अंगठा नेला तेच शिक्षक.

मग स्टारफायटर हे अमेरिकन जेट लढाऊ विमान. एफ-१०४ जर्मनीत आणण्याच्या प्रकल्पात राल मुख्य माणसांपैकी एक होता, आणि इथे त्याचा जुना सहकारी हार्टमान त्याच्या विरोधात होता. हार्टमानचं म्हणणं, हे विमान आपल्या पोरांच्या तयारीच्या पुढचं आहे. जर्मनीने ती ९०० हून जास्त घेतली आणि अपघातांत शंभराहून अधिक वैमानिक गमावले. विमानाचे दोष होतेच, इजेक्शन सीट तर पुढे बदलून मार्टिन-बेकरची बसवावी लागली. पण पुन्हा तोच जुना घोळही होता. पुरेसे अनुभवी शिक्षक आणि तंत्रज्ञ नसताना भराभर विमानं घेतली. पोरांना ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात शिकवलं आणि मग उत्तर जर्मनीच्या धुक्यात, ढगाखालून, झाडांच्या उंचीवर बाँब घेऊन उडायला लावलं. या वादात मी हार्टमानच्या बाजूचा आहे. त्याची किंमत त्याने लवकर निवृत्ती घेऊन मोजली. राल १९७१ ते १९७४ हवाई दलाचा प्रमुख झाला, नंतर नाटोत गेला आणि दक्षिण आफ्रिकेच्या एका वादग्रस्त भेटीमुळे १९७५ मध्ये त्याला पद सोडावं लागलं. ४ ऑक्टोबर २००९ ला, ९१ व्या वर्षी गेला.

तेव्हा ४० आणि २७५ या आकड्यांची तुलना करताना त्यांच्याशेजारी आणखी एक आकडा मांडा: टूर संपवून शाळेत गेलेल्या वैमानिकांच्या हाताखालून किती पोरं शिकून गेली. तो आकडा कुठल्याही विमानाच्या शेपटीवर रंगवत नाहीत.